फुकटाचे वीजबिल

एखादी गोष्ट फुकट मिळाली की तिचा खर्च कोण सोसतो, हे आपण सहसा विचारत नाही. ‘ओपनबीएसडी’ची कहाणी मात्र आपल्याला नेमकी याच प्रश्नापाशी आणून सोडते.

कॉम्प्युटर सुरू होताच त्याचा सारा कारभार हाती घेते ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज घरोघरी ठाऊक आहे. लिनक्सचे नावही पुष्कळांनी ऐकलेले असते. ओपनबीएसडी मात्र या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर. थिओ डी राट या प्रोग्रॅमरने १९९५ साली कॅनडातील कॅल्गरी शहरात ती सुरू केली. ‘नेटबीएसडी’ या अशाच प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी तो एक. सहकाऱ्यांशी खटके उडाले, बाहेर पडावे लागले, तेव्हा गड्याने वेगळी चूल मांडली.

या चुलीचे ब्रीद एकच : सुरक्षितता. प्रोग्रॅम ओळीओळीने तपासायचा, चुका हुडकायच्या आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची. ती कोणीही न्यावी, वाचावी, बदलावी. दमडी मोजायला नको.

मग चूल पेटती राहिली कशी? सीडी, टी-शर्ट आणि पोस्टर विकून! टम्म फुगणारा काटेरी ‘पफी’ मासा हे बोधचिन्ह. पुढे तर प्रत्येक आवृत्तीसोबत नवे गाणेही येऊ लागले. जाहिरात म्हणायची ती एवढीच.

मोठा पैसा एकदा चालून आला होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने वीस लाख डॉलरहून अधिक अनुदान दिले होते. २००३ साली थिओने एका वृत्तपत्राशी बोलताना इराक युद्धाविषयी नापसंती व्यक्त केली आणि त्यानंतर लवकरच ते अनुदान बंद झाले.

जानेवारी २०१४ मध्ये तर वीजबिलावर गाडे अडले. निरनिराळ्या जातींची जुनी-नवी यंत्रे थिओच्या घरी चालू असत. एका यंत्रावर लपलेली चूक दुसऱ्यावर उघडी पडते, म्हणून ती हवीतच. त्यांचे वर्षाचे बिल वीस हजार डॉलरच्या घरात! जाहीर आवाहन झाले, देणग्या आल्या आणि यंत्रे चालू राहिली.

गंमत पुढेच आहे. दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करू देणारे ‘ओपनएसएसएच’ १९९९ साली याच मंडळींनी तयार केले. आज ते जगभरच्या असंख्य सर्व्हरवर आहे. ॲपलच्या मॅकमध्ये आहे, विंडोजमध्येही आहे. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने या प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाला मोठी देणगी दिली, ती काही उगीच नव्हे.

२०१६ नंतर सीडी निघेनाशा झाल्या. आता भिस्त आहे ती देणग्यांवर आणि फावल्या वेळात खपणाऱ्या प्रोग्रॅमरांवर. विहिरीचे पाणी गाव पिते; गाळ उपसायला चारच जण उतरतात. त्यांना निदान दोराचा खर्च तरी गावाने द्यावा, एवढेच.