दप्तराचे ओझे आणि घर

१९८९ साली राज्यसभेत एक वयोवृद्ध सदस्य आपले पहिले भाषण करण्यासाठी उभे राहिले. त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. कथा-कादंबऱ्यांमुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली होती आणि त्यामुळेच १९८६ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली होती. तेव्हा ते साहित्याविषयी किंवा भाषेविषयी काही बोलतील, असे कोणालाही वाटले असते. ते बोलले मात्र शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दप्तरांविषयी. पहाटे मुलाला झोपेतून ओढून उठवायचे, घाईघाईने तयार करायचे, पाठीवर पुस्तकांचे गाठोडे लादायचे आणि संध्याकाळी घरी परतल्यावर पुन्हा अभ्यासाला जुंपायचे, या दिनक्रमात मुलाचे बालपण कोठे उरते, असा त्यांचा प्रश्न होता. दप्तराच्या भाराने मुले पुढे वाकून चालू लागतात, हेही त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले.

हे सदस्य म्हणजे आर. के. नारायण. 'मालगुडी' हे काल्पनिक गाव निर्माण करणारे लेखक. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग म्हैसूर शहरात, म्हणजे आजच्या मैसूरुमध्ये, गेला. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीचा नायक शाळेत जाणारा मुलगा आहे आणि सोमवारची सकाळ त्याला नकोशी वाटते! म्हातारपणी संसदेत बोलतानाही या लेखकाला तो मुलगा विसरता आला नाही, असे म्हणावेसे वाटते.

या भाषणामुळे दप्तराचा प्रश्न देशभर चर्चेत आला. १९९२ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. समितीने मांडलेला मुख्य विचार आपण पालकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. पाठीवरचे ओझे वाईट खरेच. परंतु त्याहून अधिक घातक ओझे न समजण्याचे आहे. जे वाचले ते कळले नाही, तरी ते पाठ करावयाचे, परीक्षेत लिहावयाचे आणि विसरावयाचे, हे करीत राहिलेल्या मुलाचा मेंदू थकतो. इतकेच नव्हे, तर आपण मंद आहोत अशी त्याची समजूत होते.

पाठीवरच्या ओझ्याची व्यवस्था कायद्याने व आदेशाने करता येते. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये दप्तराचे वजन ठरवून दिले. पहिली-दुसरीसाठी दीड ते दोन किलो, तर नववी-दहावीसाठी चार ते पाच किलो. महिन्याचा तिसरा शनिवार दप्तराविना असावा, असेही सांगितले. २०२० च्या केंद्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. हे तपासणे सोपे आहे. वाण्याच्या दुकानातील काट्यावरसुद्धा दप्तराचे वजन करता येईल. न समजण्याचे ओझे मात्र कोणत्याही काट्यावर तोलता येत नाही. साठ-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांच्याही नजरेतून ते निसटू शकते. ते दिसण्याचा संभव सर्वांत अधिक घरी असतो.

येथे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल. "माझेच शिक्षण अर्धवट राहिले. मी मुलाला काय शिकवणार?" ही शंका प्रामाणिक आहे, पण तिच्यात एक चूक दडलेली आहे. पालकाने शिकवावे, ही अपेक्षाच मुळात नाही. शिकवण्याचे काम शाळेचे आहे. पालकाने करावयाचे काम निराळे आहे: मुलाला काय समजले आणि काय समजले नाही, ते त्याच्याच तोंडून बाहेर काढणे. त्यासाठी गणित यावे लागत नाही. "आज तू शिकलास ते मला समजावून सांग," एवढे म्हणता यावे लागते. मूल सांगू लागते. एका ठिकाणी ते अडखळते, पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे म्हणते किंवा विषय बदलते. तेथेच ते अडलेले असते. ज्या आईला त्या धड्याची माहिती नाही, तिचा प्रश्न तर अधिक खरा असतो. कारण तिला खरोखरच जाणून घ्यायचे असते, आणि मुलाला ते चटकन कळते.

नारायण यांच्या बालपणाकडेच पाहा. लहानपणी ते मद्रासमध्ये आजीजवळ वाढले. अंकगणित, पुराणकथा, संगीत आणि संस्कृत यांचे पहिले धडे त्यांना आजीने दिले. घरातल्या माणसाने निवांतपणे दिलेला वेळ मुलाच्या मनात किती खोल जातो, याचे हे उदाहरण आहे.

घरात आणि बाजारात शिकण्याच्या जागा पुष्कळ असतात. मैसूरुच्या देवराज मार्केटमध्ये मोगऱ्याची आणि शेवंतीची माळ 'मोळ' या मापाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. मुलाला बरोबर नेले तर ते सहज विचारील, "या मावशींचा हात लहान आणि त्या आजोबांचा मोठा, मग माळ सारखी कशी?" या एका प्रश्नात मोजमापाचा सगळा धडा आला. सर्वांसाठी एकच मीटर का ठरवावा लागला, हे ज्याला बाजारात उमगले, त्याला पुस्तकातील एककांचे कोष्टक परके वाटणार नाही. तुम्ही दर विचारता, सुटे पैसे मोजता, पाव किलोचा भाव काढता, तेव्हा तुम्ही गणितच करीत असता. फक्त ते मोठ्याने, मुलाला ऐकू जाईल असे करावे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नारायण यांनी ते भाषण केले, त्याच १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची स्थापना झाली. तुमच्या हातातील हे पुस्तक त्याच परंपरेतील आहे. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणारी आई किंवा वडील मुलाला दिसतात, तेव्हा अभ्यास ही लहानांवर लादलेली शिक्षा नसून मोठी माणसेही आपखुशीने करतात अशी गोष्ट आहे, हे त्याला न सांगता समजते. एकाच दिव्याखाली दोघांनी बसावे. तुम्हालाही एखादा शब्द अडला तर तो लपवू नये.

आता भाषेचा प्रश्न. मैसूरुमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत बहुधा कन्नड किंवा इंग्रजी, अशा तीन भाषांतून मुलाचा दिवस जातो. आपले मूल मागे पडेल या भीतीने काही पालक घरी मराठी बोलणेच सोडून देतात आणि स्वतःला नीट न येणाऱ्या इंग्रजीत मुलाशी तुटक-तुटक बोलू लागतात. हेतू चांगला असला, तरी हा तोट्याचा व्यवहार आहे. ओले कपडे उन्हात का वाळतात, सावलीत उशीर का लागतो, वारा असला की लवकर कसे वाळतात, हे ज्या मुलाने आजीशी मराठीत गप्पा मारताना समजून घेतले, त्याला शाळेत 'बाष्पीभवन' या कल्पनेसाठी कन्नड किंवा इंग्रजी भाषेतील फक्त एक नवा शब्द शिकावा लागतो. ज्याला ही गोष्ट कोणत्याच भाषेत उलगडली नाही, त्याला शब्दही नवा आणि कल्पनाही नवी. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत बरोबर जाते.

याच शहरात, मानसगंगोत्री परिसरात, भारतीय भाषांच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५० क सांगतो; तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. पुढे कर्नाटकातील माध्यमाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये घटनापीठाने निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीचे करू शकत नाही. माध्यमाची निवड मुलाच्या वतीने पालकाने करावयाची आहे. म्हणजे अधिकार आपल्याकडे आला आणि त्याबरोबर विचार करण्याची जबाबदारीही आली. माध्यम कोणतेही निवडा. घरातील भाषा मात्र समृद्ध ठेवा. आणि परिसराची भाषा, कन्नड, मुलाला मित्रांकडून शिकू द्या. त्या भाषेविषयी घरात कधी तुच्छतेने बोलू नका.

अभ्यासाविषयी एवढे बोललो, पण शिकणारे मूल म्हणजे केवळ मेंदू नव्हे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि त्याहून मोठ्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाला सकाळी कितीही रागावले, तरी त्याचे लक्ष वर्गात लागणार नाही. घरातील मोठ्यांनीच आधी फोन बाजूला ठेवावा लागतो, हे सांगणे थोडे अवघड आहे; पण त्याला दुसरा उपाय दिसत नाही.

काही वेळा ज्याला आपण आळस किंवा खोडकरपणा म्हणतो, तो शरीराचा अडथळा असतो. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. ऐकू कमी येते म्हणून हाक मारल्यावर उत्तर देत नाही. बोलण्यात हुशार असलेले मूल वाचताना मात्र अक्षरांची उलटापालट करते, ओळ चुकते, घामाघूम होते. असे मूल मार खाऊन सुधारत नाही. त्याला तपासणीची गरज असते. मैसूरुमध्ये १९६५ पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था काम करीत आहे. ऐकणे, बोलणे आणि भाषा यांतील अडचणींची तपासणी व उपचार तेथे होतात. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेली अवस्था आहे. तिच्यासाठी परीक्षेत सवलती मिळू शकतात. परंतु त्यासाठी आधी कोणीतरी ती ओळखावी लागते.

मनाच्या दुखण्याचेही असेच. सकाळी शाळेच्या वेळी नेमके पोट दुखणे, आवडता खेळ सोडून देणे, एकटे बसणे, चिडणे, झोप उडणे, ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर त्यांना ढोंग म्हणू नये. शाळेत कोणी त्रास देत असेल. कोणी मारीतही असेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक छळ करण्यास बंदी आहे. मुलाने असे काही सांगितले तर आधी पूर्ण ऐकावे, "तूच काहीतरी केले असशील" हे वाक्य गिळून टाकावे आणि मग मुख्याध्यापकांना भेटावे. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. ते घरात भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही.

शाळेत जाण्याचा संकोच अनेक पालकांना वाटतो. गुरुजींसमोर आपण काय बोलणार? परंतु सरकारी शाळेच्या कारभारात कायद्यानेच पालकांना जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे हाच कायदा सांगतो. कर्नाटकात तर 'शाळा विकास व देखरेख समित्या' २००१ पासूनच आहेत. सभेला जाल तेव्हा "माझ्या मुलाचा नंबर कितवा?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, ते वर्गात प्रश्न विचारते का, कोणाबरोबर डबा खाते, कोणत्या विषयात त्याचा चेहरा खुलतो. गुणपत्रिकेत ही उत्तरे सापडत नाहीत.

राहिला निकालाचा दिवस. नारायण यांचे वडील मैसूरुच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. अशा घरचा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला, तोही इंग्रजीत! पुढे ज्या भाषेत त्याने आयुष्यभर लिहिले, त्याच भाषेत. गावात काय बोलणी झाली असतील, याची कल्पना करता येते. त्या मुलाला वर्षभर घरी राहावे लागले. पण वडिलांच्या शाळेच्या ग्रंथालयाचे दार त्याला बंद झाले नव्हते. तो मिळेल ते वाचत असे, लिहून पाहत असे आणि कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी फिरत असे. १९२६ मध्ये तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. पदवीलाही नेहमीपेक्षा एक वर्ष अधिक लागले. ती १९३० मध्ये मिळाली. नापास झालेला प्रत्येक मुलगा मोठा लेखक होतो, असा याचा अर्थ नाही, आणि तशी आशा मुलाला दाखवणेही बरे नव्हे. त्या वर्षभरात घराने त्याला वाचायला जागा आणि फिरायला मोकळीक दिली, एवढेच येथे पाहायचे आहे. यादवगिरी भागातील नारायण यांच्या घराचे आता स्मारक-संग्रहालय झाले असून २०१६ पासून ते लोकांसाठी खुले आहे. मैसूरुला गेलात तर मुलांना घेऊन ते पाहा, आणि संध्याकाळी तलावाच्या बांधावरून एक फेरी मारा. दप्तर मात्र घरीच ठेवा.