त्रैराशिकाची रीत
शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विशद केलेले त्रैराशिक मराठी शाळांतून पिढ्यानपिढ्या शिकविले गेले. ५ शेर गुळास २ रुपये ८ आणे पडतात, तर ८ शेरांस किती? येथे प्रमाण ५ व इच्छा ८. रुपयाचे १६ आणे या जुन्या हिशेबाने फल ४० आणे मांडून, त्यास इच्छेने गुणून येणाऱ्या ३२० ला प्रमाणाने भागिले असता ६४ आणे, अर्थात ४ रुपये, हे इच्छाफल प्राप्त होते. प्रमाण व इच्छा सजातीय असावीत, ही अट गुणाकारापूर्वीच विद्यार्थ्याकडून वदवून घेणे मला अत्यावश्यक वाटते. मजूर वाढताच दिवस घटतात, अशा उदाहरणांत मात्र व्यस्त त्रैराशिक योजून प्रमाण व फल यांच्या गुणाकारास इच्छेने भागावे.