दोन कायद्यांच्या मधलं घर

म्युनिकहून –

मागच्या हिवाळ्यात इथल्या वारसा न्यायालयातल्या एका लहानशा खोलीत मी तासभर बसले होते. सोबत माझी मैत्रीण होती आणि तिला जर्मन नीट येत नाही म्हणून मी दुभाषी. तिचा नवरा बेचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. मूळचा नाशिकचा, इथे अभियंता. मागे ती, दोन शाळकरी मुलं आणि नाशिकला एकटी राहणारी त्याची आई. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला, मधोमध चौकोन काढला आणि त्यावर बारीकशी फुली मारली. शेजारी बायको, खाली दोन रेघा आणि दोन मुलं. बायकोच्या नावापुढे त्यांनी निम्मा हिस्सा लिहिला, मुलांपुढे प्रत्येकी पाव. मग पेन खाली ठेवलं.

"आणि आई?" मी विचारलं.

बाईंचा आवाज मऊ होता, पण उत्तर पक्कं होतं. मुलं हयात असताना आईवडील वारस होत नाहीत.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. नाशिकचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता आणि सासूबाई त्याच फ्लॅटमध्ये राहत होत्या.

त्या बाई चुकीचं काहीच सांगत नव्हत्या. 1 जानेवारी 1900 पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेत वारसांच्या रांगा ठरलेल्या आहेत. पहिल्या रांगेत मुलं आणि त्यांची मुलं, दुसऱ्या रांगेत आईवडील आणि भावंडं. पहिल्या रांगेत एक जरी माणूस असला तरी दुसऱ्या रांगेला काही मिळत नाही. जोडीदाराचा हिस्सा वेगळा काढतात. मृत्युपत्र आणि वेगळा विवाहकरार नसेल, तर मुलांसोबत निम्मा आणि मूल नसलेल्या जोडप्यात तीन चतुर्थांश. हा कायदा कॅथलिकाला, प्रोटेस्टंटाला, मुसलमानाला, नास्तिकाला एकच. आपल्याकडे हिंदूंचा 1956 चा कायदा निराळा, ख्रिश्चन आणि पारशांसाठी 1925 चा, मुसलमानांचा स्वतःचा, आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहितेची परंपरा. हे सगळं सांगायला लागल्यावर इथला कुणीही अधिकारी वही बाजूला ठेवून ऐकत बसतो.

हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत. वडील मात्र त्यात नाहीत. म्हणजे नाशिकच्या फ्लॅटचे चार समान भाग झाले, त्यातला एक सासूबाईंचा. म्युनिकच्या कागदावर त्यांचं नाव नाही आणि नाशिकच्या कागदावर त्यांचा पाव हिस्सा. मग खरं काय? दोन्ही खरं. युरोपीय संघाचा वारसाविषयक नियम 17 ऑगस्ट 2015 पासून लागू झाला. त्याप्रमाणे माणूस शेवटी जिथे स्थायिक होता त्या देशाचा कायदा त्याच्या जगभरातल्या सगळ्या मालमत्तेला लागतो. त्याचं नागरिकत्व कोणतं, हा प्रश्न येत नाही. भारताचा कायदा म्हणतो, जमीन आणि घर जिथे आहे तिथलाच कायदा त्याला लागणार. दोन देश एकाच फ्लॅटकडे बोट दाखवून दोन वेगळी उत्तरं देतात. व्यवहारात शेवटी फ्लॅट भारतीय कायद्यानंच जातो, कारण सोसायटी आणि मिळकत पत्रिकेची नोंद भारतातल्या अधिकाऱ्याच्या हातात आहे. पण इथल्या बँकेतल्या पैशाचं वाटप जर्मन वारसदाखल्यानं झालं आणि त्यातलं सासूबाईंना काही मिळालं नाही. मैत्रिणीनं स्वतःच्या पैशातून दर महिन्याला रक्कम पाठवायला सुरुवात केली. चांगली सून आहे म्हणून हे झालं. कायद्यात त्याची सोय नव्हती.

कागदपत्रांची दमछाक हा निराळाच भाग. भारत 2005 साली अपोस्टिलच्या, म्हणजे एका शिक्क्यावर दुसऱ्या देशाचा कागद ग्राह्य धरण्याच्या, आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीनं त्यावर हरकत घेतली. म्हणून भारत आणि जर्मनी यांच्यात अपोस्टिलचा शिक्का चालत नाही. फ्रान्समधला मराठी माणूस एका शिक्क्यात सुटतो. इथल्या माणसाला मृत्यूचा जर्मन दाखला भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. भारतातला जन्माचा किंवा लग्नाचा दाखला इथे द्यायचा असेल, तर जर्मन वकिलातीमार्फत त्याची पडताळणी करवून घ्यायची वेळ येते आणि त्यात महिने जातात. मुखत्यारपत्राचंही तसंच. दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची आणि तो कागद महाराष्ट्रात पोचला की 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही शेवटची गोष्ट कुणीच सांगत नाही. माझ्या ओळखीत दोघांची मुखत्यारपत्रं कपाटात पडून राहिली आणि पुन्हा करावी लागली.

मालकीच्या नोंदीत जर्मनांनी मिळवलेली एक गोष्ट मला मनापासून हवीशी वाटते. ग्रुंडबूख, म्हणजे जमिनीची नोंदवही, स्थानिक न्यायालयात असते आणि तिच्यात ज्याचं नाव, तो मालक, असं कायदा धरून चालतो. घर विकत घेणारा त्या नोंदीवर विसंबू शकतो. घरमालक गेल्यावर वारसांनी 2 वर्षांच्या आत अर्ज केला तर नाव बदलण्याची फी लागत नाही. एवढ्या साध्या सवलतीनं नोंदी ताज्या राहतात. आपल्या सातबारावर पणजोबांची नावं अजून जिवंत आहेत, आणि सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगून झालं आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात वडील गेले. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट, मृत्युपत्र नाही. आई, भाऊ आणि मी, तिघांचा समान हिस्सा. तेराव्यानंतर दोन दिवसांनी एका नातेवाइकानं तयार हक्कसोड पत्र पुढे ठेवलं. "तू तिकडे सुखात आहेस, सही करून टाक, म्हणजे भावाला पुढे त्रास नको." महाराष्ट्रात किती मुलींनी अशी सही केली असेल! आपल्या राज्यानं 1994 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, 2005 मध्ये देशानं दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. तरीही दिवसकार्य आटोपलं की हक्कसोड पत्राचा कागद येतोच. मला पैशाचा मोह नव्हता. आईला घर मिळावं एवढंच मनात होतं. मी म्हटलं, म्युनिकला जाऊन सही करून पाठवते.

नशीब, इथे आल्यावर सही करण्याआधी मी माझ्या कर सल्लागार बाईंना सहज विचारलं. त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते इथल्या प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं. भारतात वारसा कर 1985 साली रद्द झाला, म्हणून आपल्याला वाटतं की वारसा म्हणजे करमुक्त. जर्मनीत राहणाऱ्या माणसाला जगात कुठेही वारसा मिळाला तर जर्मनी त्यावर कर लावते, पारपत्र कोणतंही असो. आईवडिलांकडून मिळालं तर प्रत्येकाकडून 4 लाख युरोपर्यंत सूट आहे, त्यामुळे बहुतेकांना कर लागत नाही. पण वारसा मिळाल्याचं कळल्यापासून 3 महिन्यांत कर कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. मी कळवलं नव्हतं. त्याच आठवड्यात कळवलं.

खरा धक्का पुढे होता. माझ्या वाट्याला आलेला हिस्सा साधारण 60 लाख रुपयांचा. सोप्या हिशेबासाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा, तर 60 हजार युरो. हा हिस्सा आधी कायद्यानं मला मिळाला आणि मग मी तो भावाला सोडला, तर इथल्या कर कार्यालयाला ते दान दिसू शकतं. भावाला दिलेल्या दानावर सूट फक्त 20 हजार युरोंची. उरलेल्या 40 हजारांवर 15 टक्के, म्हणजे 6 हजार युरो. आईला दिलं तरी तेवढंच, कारण जिवंतपणी दिलेल्या दानात आईवडीलही त्याच 20 हजारांच्या गटात मोडतात. जर्मन कायद्यात वारसा नाकारण्याची सोय आहे, मुदत 6 आठवडे, आणि गेलेला माणूस परदेशात राहत असेल तर 6 महिने. तो नकार दान मानला जात नाही. आपलं हक्कसोड पत्र म्हणजे तो नकार नव्हे. त्यात आधी हक्क मान्य करून मग सोडलेला असतो.

मी सही केली नाही. फ्लॅट तिघांच्या नावावर आहे, आई तिथे राहते, आणि ती असेपर्यंत विकायचा विषय नाही, असं मी लिहून दिलं. भाऊ बरेच महिने दुखावलेला होता. त्याला वाटलं, बहिणीनं कायद्याची सबब पुढे केली. मी त्याला कर सल्लागार बाईंचं पत्र मराठीत लिहून पाठवलं, आकड्यांसकट. तेव्हा कुठे त्याचा फोन आला.

आईवडिलांऐवजी काकांचा वारसा असेल तर गणित फारच कठोर होतं. मूलबाळ नसलेल्या काकांनी 2 कोटींचं घर म्युनिकच्या पुतण्याच्या नावे केलं, असं समजा. पुतण्यालाही सूट 20 हजार युरोच. उरलेल्या 1 लाख 80 हजारांवर 20 टक्के, म्हणजे 36 हजार युरो, आणि किंमत रेडी रेकनरची नाही, बाजारभावाची धरतात. घर विकलं नाही तरी कर रोख भरायचा. जर्मनीत किंवा युरोपात वडिलांच्या राहत्या घरात मूल राहायला गेलं आणि 10 वर्षं राहिलं, तर ते घर करातून सुटतं. पुण्यातल्या घराला ती सवलत नाही.

जर्मन पारपत्र घेतलेल्यांनाही एक सांगायचं. जून 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही, म्हणून हातात परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड येतं. ओसीआयधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, पण वारशानं मिळवू शकतो. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. घर विकून आलेले पैसे अनिवासी भारतीयांच्या एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

या सगळ्यावर उपाय एका कागदाचा आहे आणि तो जिवंतपणीच करायचा असतो. युरोपीय नियमात एक वाट ठेवलेली आहे: भारतीय नागरिक आपल्या मृत्युपत्रात लिहू शकतो की माझ्या वारशाला माझ्या देशाचा कायदा लागू व्हावा. मैत्रिणीच्या नवऱ्यानं तेवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर त्या अधिकारी बाईंच्या कागदावर आईसाठीही एक रेघ निघाली असती. जर्मन पारपत्र घेतलं की ही वाट बंद होते, तेव्हा मृत्युपत्रात आईचा हिस्सा नावानिशी लिहावा लागतो. मृत्युपत्राच्या रूपातही दोन देशांचा फरक आहे. जर्मनीत घरच्या घरी केलेलं मृत्युपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं लिहिलेलं लागतं. टंकलिखित मजकूर आणि खाली सही हे इथल्या कायद्याला चालत नाही, पण साक्षीदारांची गरज नाही. भारतात मजकूर कसाही चालतो, पण दोन साक्षीदार हवेतच. म्हणून मी माझं मृत्युपत्र मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही अशा दोन शेजाऱ्यांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घेतल्या. त्यासोबत जर्मन भाषांतर जोडून ठेवलं आहे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमचं मृत्युपत्र आत्ताच करा, आणि मुलीच्या नावापुढे काय लिहायचं ते तिला विचारून लिहा. मुलीनं नको म्हटलं तर तिला त्यात काही देऊ नका, पण तिच्या नावावर आधी आणून मग सोडायला लावू नका. आणि परदेशातल्या मुलांना: पुढच्या रविवारी फोन कराल तेव्हा हा विषय काढा. आईला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. नाशिकच्या त्या सासूबाईंना या वयात वारस नोंदीसाठी तीनदा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.