महेश्वर : नर्मदाकाठची राजधानी

महेश्वरचा किल्ला प्रथम नदीतून पाहावा. नाव नर्मदेच्या मध्यावर गेली, की घाटांच्या रुंद पायऱ्या, त्यांवरील छत्र्या आणि सर्वांत वर तटबंदी असा सारा पट एका दृष्टिक्षेपात उलगडतो. मध्य प्रदेशाच्या खरगोन जिल्ह्यातील हे गाव इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे.

मल्हारराव होळकर १७६६ मध्ये व त्यांचे नातू मालेराव १७६७ मध्ये निवर्तल्यावर अहिल्याबाईंनी दौलतीची सूत्रे हाती घेतली आणि राजधानी इंदूरहून येथे आणली. १७९५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कारभार येथूनच चालला. १८१८ मध्ये राजधानी पुन्हा इंदूरला गेली.

गडावरील राजवाडा पाहून अनेकांचा अपेक्षाभंग होतो. काशी विश्वनाथापासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत मंदिरांचे जीर्णोद्धार करणाऱ्या राज्यकर्तीचे हे घर म्हणजे लाकडी खांबांचा, चौक व ओसरी असलेला साधा मराठी वाडा आहे. लोकांची गाऱ्हाणी येथेच ऐकली जात. संग्रहालयात त्यांची गादी, पालखी व होळकरकालीन वस्तू जतन केल्या आहेत. दालने मोजकी, पण गादीसमोर क्षणभर थांबले, की राजवैभव आणि राज्यकारभार यांतील अंतर आपोआप ध्यानी येते. अंगणातील फुलझाडांच्या सावलीत मग थोडे विसावावे. शेजारी पुजारी मातीची लहान लहान शिवलिंगे घडवून त्यांची पूजा करतात व ती नर्मदेत विसर्जित करतात. लिंगार्चनाची ही प्रथा अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आली आहे.

येथील दुसरा वारसा मात्र काचेच्या कपाटात ठेवता येण्याजोगा नाही. अहिल्याबाईंनी विणकरांना आश्रय देऊन येथे वसविले व महेश्वरी साडीचा लौकिक वाढला. किल्ल्याच्या भिंतींवरील नक्षी आणि नर्मदेच्या लाटा काठावर उतरल्या. चटई, ईंट, हीरा ही काठांची नावेच त्याची साक्ष देतात. साडीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, हे तिचे खास वैशिष्ट्य होय. पुढे राजाश्रय संपला, गिरणीच्या कापडाशी स्पर्धा आली आणि माग बंद पडू लागले. तटबंदी ढासळली, तर दगडांनी पुन्हा बांधता येते. विणकराचा मुलगा एकदा दुसऱ्या कामाला लागला, की ती विद्या त्या घरात परतणे कठीण. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रेवा सोसायटीने स्त्रियांना विणकामाचे शिक्षण देऊन या कलेस पुन्हा उभारी दिली.

दुपारी किल्ल्याच्या परिसरात हातमागांची खटखट ऐकू येते. विणकरांच्या कामात व्यत्यय न आणता ती अवश्य पाहावी आणि सूर्यास्तापूर्वी घाटावर उतरावे.