बाळाचे पहिले २८ दिवस

हजार बाळे जन्मली, तर त्यांतली १२१ पहिला वाढदिवस पाहत नसत. १९८८ च्या सुमारास गडचिरोलीच्या खेड्यांतला हा आकडा. चंद्रपूरपासून वेगळा होऊन या जिल्ह्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले आणि आधी हाती घेतली ती मोजणी. कोणत्या घरी बाळ जन्मले, कोणत्या घरी गेले, याची गावोगाव नोंद.

सुरुवातीला न्यूमोनिया ओळखायचा होता. दोन महिन्यांखालचे बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचे? तिच्यासाठी मण्यांची पाटी तयार झाली. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, एवढेच.

पुढचा प्रश्न पहिल्या महिन्याचा होता. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन २८ दिवस नोंद ठेवली. ९५ टक्के बाळे घरीच जन्मली होती. ४२ टक्क्यांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी होते. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, ते मिळाले २.६ टक्क्यांना. चाळीस बाळे दगावली.

यातल्या बहुतेकांना एकाहून अधिक आजार होते. मुळात कमी वजनाचे बाळ हिवाळ्यात जन्मावे, त्याला लगेच आंघोळ घालावी, ते गार पडावे. गार पडलेले बाळ नीट ओढून दूध पीत नाही, अशक्त होते आणि मग जंतुसंसर्ग गाठतो. ऋतूप्रमाणे आजारांचे प्रमाण बदलते, हेही याच नोंदींतून दिसले. मृत्यूच्या आकडेवारीत मूळ कारण एकच धरले जाते. झोपडीत ती साखळी असते.

म्हणूनच ती मध्येच तोडता आली. ‘आरोग्यदूत’ स्त्रिया बाळाला कोरडे पुसून उबदार पिशवीत ठेवू लागल्या, लवकर अंगावर पाजायला सांगू लागल्या, जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊ लागल्या. गावातल्या बाईच्या हाती सुई? डॉक्टरमंडळींना हे पचायला जड गेले, यात नवल नाही. पण या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

मला यातली सर्वांत बोलकी आकडेवारी अकाली जन्मलेल्या बाळांची वाटते. त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासच राहिले. मात्र त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आले. घर तेच, चूल तीच. बदलली ती बाळाभोवतीची ऊब, दूध आणि वेळेवरचे औषध.

आज देशभर ‘आशा’ ताई पहिल्या सहा आठवड्यांत घरी येऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहतात. २०११ पासूनच्या या राष्ट्रीय कार्यक्रमाची मुळे गडचिरोलीत आहेत. कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण मात्र त्या गावांत ४१.९ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांपर्यंतच खाली आले. बाळाचे वजन ठरते ते पोटात असताना: आईच्या ताटात काय आहे, तिला मलेरिया झाला का, अंगात रक्त किती आहे आणि रोवणीच्या दिवसांत ती किती तास चिखलात वाकून उभी आहे, यावर. तिथे २८ दिवसांच्या भेटी पोचत नाहीत.