घरच्या लहान कुत्रीचे बाळंतपण

या सदरात आजवर गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू अशी आपलीच दुखणी चालत आली. या खेपेस कुत्रीच्या बाळंतपणावर लिहिते आहे, हे पाहून काही जण पान उलटतील. पण आपल्यातले किती तरी जण वर्षातले दोन-तीन महिने परदेशी मुलांकडे काढतात. मुले कामावर जातात आणि घरात उरतो आपण, नि पायात घोटाळणारे त्यांचे ते तीन किलोचे कुत्रे. त्याचे दुखलेखुपले आपल्यालाच पाहावे लागते. माझ्यावर ती पाळी उम्म अल कुवैनला आली आणि माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगायची म्हणून हा लेख.

उम्म अल कुवैन ही अमिरातींतली लहानशी, निवांत अमिरात. खाडी, खाडीत तिवरे, वाऱ्यावर मासळीचा वास. पहिल्या सकाळी मला रेवदंडाच आठवला. मुलगी शारजाला नोकरीला, जावई दुबईला. दोघे सकाळी साडेसहाला गाडी काढत, ते दिवेलागणीला परत. घरात रिंकी, चार वर्षांची पॉमेरेनियन. मी पोचले तेव्हा तिचे मेटिंग होऊन बारा दिवस झाले होते. मुलगी म्हणाली, "आई, तू चार बाळंतपणे केलीस, तुला काय कठीण?"

तिथेच फसगत झाली. माणसाचे बाळंतपण नऊ महिन्यांचे, कुत्रीचे सरासरी ६३ दिवसांचे. मेटिंगच्या तारखेपासून मोजले तर चार-सहा दिवस मागेपुढे होतात. म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. महिन्याभराने सोनोग्राफीत पिल्लांची हृदये धडधडताना दिसतात, पण ती किती आहेत हे नेमके कळते ते ५५ दिवसांनंतरच्या एक्स-रेमध्ये, कारण तोवर हाडे दिसण्याइतकी घट्ट होतात. हा एक्स-रे टाळू नये. आत चार आहेत हे ठाऊक असले, तर तीन झाल्यावर आपण कुत्रीला थोपटून झोपायला जात नाही. एकच पिल्लू असले तर ते मोठे वाढते आणि लहान कुत्रीला जड जाते, तेही आधीच समजते.

आता माझी चूक. गुडघ्यांसाठी मी कॅल्शियमच्या गोळ्या घेते. मनात आले, ही बिचारी चार जीव पोसते आहे, आपल्या सुनांना नाही का डॉक्टर कॅल्शियम देत? रोज दहीभातात अर्धी गोळी कुस्करून घालू लागले. कोणाला बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखे काही वाटलेच नाही. एक्स-रेच्या दिवशी केरळच्या डॉक्टरीणबाईंनी खुराक विचारला, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. "आंटी, ये आजसे बंद."

त्यांनी समजावले ते असे. मानेत बारीक ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडले की त्या हाडांतून ते ओढून आणतात. गाभणपणात वरून गोळ्या मिळत राहिल्या की या ग्रंथी आळसावतात. मग पिल्ले होतात, दूध सुटते, एकाएकी कॅल्शियमची मोठी मागणी येते आणि ग्रंथींना वेळेवर जाग येत नाही. रक्तातले कॅल्शियम घसरते, कुत्रीला झटके येतात. लहान जातींत, आणि पिल्ले जास्त असली की, हा धोका अधिक. बाळंत झाल्यावर डॉक्टर कधी कधी स्वतःच कॅल्शियम देतात, ती गोष्ट वेगळी. आधी आपल्या मनाने देऊ नये. आपल्या गोळ्यांत ड जीवनसत्त्वही असते; तीन किलोच्या जिवाला तेही सोसत नाही.

दुसरा धोका आपल्या स्वयंपाकघरातच असतो. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या, मूत्रपिंडे निकामी करतात. आणि आपल्या घरांत मनुका नाहीत कधी? शब्बाथच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजवतो, गाळून झाल्यावर चोथा डब्यात टाकतो आणि डबा जमिनीवर. मलिद्याचे ताट खालच्या टेबलावर. बाळंतिणीसाठी म्हणून कोणी प्रेमाने डिंकाचा लाडू दिला तर त्यातही मनुका. कांदा-लसणीचे कालवण आणि चॉकलेटही नको. पॅरासिटॅमॉल किंवा आपली दुखण्याची कुठलीही गोळी नको. मी मनुकांचा चोथा पिशवीत बांधून थेट बाहेर नेऊ लागले.

मग द्यायचे काय? पहिले पाच आठवडे नेहमीचेच आणि नेहमीइतकेच. उगाच लठ्ठ केली तर वीण अवघड होते. त्यानंतर हळूहळू वाढवत शेवटी पाऊणपट ते दीडपट नव्हे, नेहमीच्या सव्वा ते दीडपट, आणि तेही पिल्लांसाठी मिळणारे तयार खाणे, कारण त्यात लागणारे सगळे मापात असते. पोटात जागा नसते म्हणून दिवसातून चार वेळा थोडे थोडे. पाणी कायम भरलेले.

तिथले ऊन वेगळेच. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम करू देत नाहीत, असा तिथला नियमच आहे. कुत्रीला तर मेपासूनच दुपार वर्ज्य. हाताची पालथी बाजू फरशीवर पाच-सात सेकंद टेकवून पाहायची. आपल्याला सोसवत नसेल तर तिच्या पंजांनाही नाही. आम्ही पहाटे खाडीकडे हळू चालत जायचो, अर्थात पट्टा लावून. पट्ट्याशिवाय कुत्रे बाहेर नेणे तिथे कायद्याविरुद्ध आहे.

शेवटच्या आठवड्यात ताप मोजणे माझ्याकडे होते. एक वेगळा थर्मामीटर आणून त्यावर नेलपॉलिशने 'रिं' लिहिले, नाही तर जावयाच्या तोंडात गेला असता. टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली, सकाळ-संध्याकाळ. एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असते. ते ९९ च्या खाली उतरले की साधारण चोवीस तासांत पिल्ले येतात. एकसष्टाव्या दिवशी संध्याकाळी ९८.४ आले. रिंकीने जेवण सोडले, ती थरथरू लागली, जुनी चादर उकरू लागली. हे पहिले कळांचे तास सहा-बारा, कधी त्याहून जास्त चालतात. त्यात घाबरू नये, फक्त जवळ बसावे. मी जमिनीवर नाही, बुटक्या स्टुलावर बसले. बसल्यावर उठता येईल अशीच जागा आपण धरावी.

केव्हा डॉक्टर गाठायचे हे मात्र पाठच असावे. जोरात कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, तर. दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले आणि आत अजून आहेत, तर. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळे पाणी गेले, तर एक मिनिटही थांबू नये, वार सुटल्याची ती खूण आहे. ताप उतरून चोवीस तास झाले तरी कळा नाहीत, तर. पॉमेरेनियन, चिवावा, पग यांच्यात अडण्याचे प्रमाण जास्त. पगसारख्या चपट्या तोंडाच्या पुष्कळ कुत्र्यांना सिझेरियनच लागते. म्हणून रात्री उघडा दवाखाना कुठे आहे आणि तिथे कोण नेणार, हे आधी ठरवावे. प्रत्येक टॅक्सीवाला कुत्रे घेईलच असे नाही.

रिंकीला पहाटेपर्यंत चारही झाली. तिसऱ्याची पिशवी तिने फोडली नाही. मिनिटभर वाट पाहून मी बोटांनी फाडली, नाक-तोंड पुसले, कोरड्या टॉवेलने पाठ चोळली. ते कुईं करून ओरडले. पूर्वी पिल्लू हातात धरून झटकत, तसे करू नये, मेंदूला इजा होते. नाळ ओढायची नाही. प्रत्येक पिल्लामागे वार पडते की नाही, तेवढे मोजावे.

गंमत पाहा, बाहेर आग आणि पिल्लांना भीती थंडीची! घरात एसी बावीसवर. पहिले काही दिवस पिल्लांना कुडकुडताही येत नाही. अंग गार पडले की ती दूध ओढत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. त्या खोलीचा एसी बंद केला, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली, दुसरी बाजू आईसाठी मोकळी. रोज सकाळी पीठ मोजायच्या काट्यावर वजन. सगळ्यात लहान ९५ ग्रॅमचे होते. वजन रोज वाढले पाहिजे. दहा दिवसांत दुप्पट झाले की ठीक. एक दिवस वाढले नाही तर डॉक्टरांना फोन.

अठराव्या दिवशी दुपारी मी एकटी. रिंकी धापा टाकत फेऱ्या मारू लागली. वाटले, उकडत असेल. मग चाल ताठरली, मागचे पाय लाकडासारखे, तोंडाचे स्नायू फडफडू लागले. डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. पिल्ले तिच्यापासून उचलून खोक्यात ठेवली, शेजारच्या मुलाला हाक मारली, त्याने गाडीत घातले. ताप १०५ च्या वर गेला होता. त्यांनी शिरेतून कॅल्शियम दिले, अगदी सावकाश, दुसऱ्या हाताने हृदयाचे ठोके ऐकत, कारण भरकन गेले तर हृदयच थांबते. वीस मिनिटांत रिंकीने मान वर केली. माझ्या गोळ्यांमुळेच हे झाले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, लहान कुत्रीला गोळ्यांशिवायही होऊ शकते, पण गोळ्यांनी भर पडली असणार. बरे वाटावे म्हणून खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पुढचा दिवसभर पिल्लांना बाटलीने पाजले. दूध कुत्र्याच्या पिल्लांसाठीचे पावडरीचे, गाईचे नाही. पाजताना पिल्लू पालथे धरायचे, बाळासारखे उताणे नाही, नाही तर दूध फुप्फुसात जाते.

एक सांगते, राग मानू नका. 'मादीला एकदा तरी आई होऊ द्यावे' असे आपल्याकडे म्हणतात. तिच्या तब्येतीला त्याची काही गरज नसते. मी जूनमध्ये परत निघाले तेव्हा चौघेही भिजवलेले खाणे खात होते आणि मुलीने रिंकीच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती.