पर कापून कुळाचा शोध

कर्जत तालुक्यात खेडच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यातून जाळी निघतात, तेव्हा व्यापाऱ्याचं लक्ष कटला नि चिलापीवर असतं. पुण्याहून आलेली संशोधक मुलगी मात्र टोपलीच्या तळाचा चपटा, चंदेरी मासा उचलते. हा ऑस्टिओब्रामा विगोर्साय. पाठीच्या पराचा काटा ती मला चाचपायला लावते. मागची कड दातेरी लागते.

मग चिमट्याने पराचा तांदळाएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत जातो. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनाची शाई अल्कोहोलात विरघळते. पुढचा मासा घेण्याआधी चिमटा पुसून ज्योतीवर धरायचा. आधीच्या माशाचा कण राहिला तर दोघांची सरमिसळ होते. उरलेला अख्खा मासा पुराव्यासाठी फॉर्मेलिनमध्ये.

एवढा खटाटोप कशाला? कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये या माशाचं वर्णन केलं, तेव्हा ठिकाण दिलं भीमेवरचं पेडगाव. सिद्धटेकपासून फार लांब नाही. पुढे १९९२मध्ये सिंग आणि याझदानी यांनी उजनीतून ‘भीमेन्सिस’ ही वेगळी जात मांडली. २०११मध्ये श्रीकांत जाधव, मंदार पैंगणकर आणि नीलेश डहाणूकर यांनी मूळ नमुने आणि बरेच नवे मासे तपासून दोन्ही एकच असल्याचं दाखवलं. मासा वाढतो तशी त्याच्या अंगाची ठेवण बदलते आणि मोजमापं फसवतात. डीएनए मात्र पिल्लात आणि मोठ्या माशात तोच राहतो.

प्रयोगशाळेत पराचा तुकडा प्रोटिनेज-के हे विकर घालून ५६ अंशांवर विरघळवतात. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं: ९५ अंशांच्या आसपास डीएनएचे दोन धागे सुटतात, पन्नाशीच्या घरात प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे चिकटतात, ७२ला नवा धागा तयार होतो. अशी साधारण ३५ आवर्तनं झाली की सीओआय जनुकाच्या सुमारे ६५० अक्षरांच्या भागाच्या असंख्य प्रती हाती येतात. अक्षरं वाचणाऱ्या यंत्रात त्या घातल्या, की पडद्यावर चार रंगांची शिखरं उमटतात. दोन शिखरं एकमेकांवर चढली, की ती यंत्रावर विसंबत नाही. उलट्या दिशेचं वाचन उघडून अक्षर ताडून पाहते. मग सगळ्या माशांच्या ओळी एकाखाली एक लावून फरक मोजायचे आणि त्यावरून वंशवृक्ष काढायचा.

या वृक्षालाही मर्यादा आहेत. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे फक्त आईकडून आलेलं. संकर झाला असेल तर बापाची बाजू कळत नाही. त्यासाठी केंद्रकातली जनुकंही वाचावी लागतात. शिवाय कोण कुणाच्या जवळचं, एवढंच वृक्ष सांगतो. त्यातला विगोर्साय कोणता, हे ठरवायला पेडगावच्या आसपासचा ताजा मासाच लागतो. फॉर्मेलिनमध्ये जुन्या झालेल्या नमुन्यांतला डीएनए तुकडे-तुकडे झालेला असतो.

म्हणून तिच्या चिठ्ठीवर पहिली ओळ ठिकाणाची, दुसरी तारखेची आणि नाव सर्वांत शेवटी. नाव पुढे बदलू शकतं. ठिकाण चुकलं, तर ६५० अक्षरं बिनचूक वाचूनही उपयोग नाही.